गॅस गेला कुठे?

पहिल्या वर्षी २,८०० रुपये, दुसऱ्या वर्षी ३,०००, तिसऱ्या वर्षी ३,२००. भूगावच्या आमच्या फ्लॅटमधल्या दीड टनाच्या एसीवर तीन उन्हाळे मी हा खर्च केला. मार्चअखेर मशीन सुरू केलं की वारा यायचा, गारवा यायचा नाही. मेकॅनिक यायचा, बाहेरच्या युनिटला गेज लावायचा आणि सांगायचा, "काका, गॅस कमी झालाय, भरून घ्या." मी भरून घ्यायचो. स्कूटरमधलं पेट्रोल संपतं, स्वयंपाकघरातलं सिलिंडर संपतं, तसा एसीतला गॅसही वर्षभरात संपत असणार, असं मी धरून चाललो होतो. चौथ्या वर्षी पौडहून एक वयस्कर मेकॅनिक आले. गेज हातात घेण्याआधी त्यांनी मलाच विचारलं, "दर वर्षी भरताय, तर आधीचा गॅस गेला कुठे?"

एसी दुरुस्तीच्या बिलात माणूस सगळ्यात जास्त पैसे घालवतो ते हा प्रश्न न विचारल्यामुळे. म्हणून आधी त्याचंच उत्तर नीट समजून घेऊ.

मातीच्या माठात पाणी गार होतं, कारण थोडं पाणी अंगातून झिरपतं, त्याची वाफ होते आणि ती वाफ आतली उष्णता घेऊन निघून जाते. एसीचंही तत्त्व तेच. इनडोअर युनिटच्या नळ्यांत द्रवाची वाफ होते आणि ती होताना खोलीतली उष्णता शोषली जाते. फरक पुढे आहे. माठातली वाफ हवेत जाते, परत येत नाही, म्हणून माठ रोज भरावा लागतो. एसीत ती वाफ कंप्रेसर ओढून घेतो, दाबतो, बाहेरच्या युनिटमध्ये पाठवतो. तिथे पंख्याच्या वाऱ्यावर ती आपली उष्णता बाहेर टाकते, पुन्हा द्रव होते आणि आत येते. तोच गॅस, त्याच बंद नळ्यांत, वर्षानुवर्षं फिरत राहतो. तो जळत नाही, झिजत नाही. स्वयंपाकघरातल्या फ्रिजमध्येही हीच रचना असते. बारा-बारा, पंधरा-पंधरा वर्षं आपण फ्रिज वापरतो, त्यात दर उन्हाळ्यात कोणी गॅस भरत नाही.

मग स्प्लिट एसीतलाच गॅस का जातो? फ्रिजच्या नळ्या कारखान्यात जोडून, तपासून, बंद होऊन येतात. स्प्लिट एसीचं शेवटचं काम मात्र आपल्या घरी होतं. आत एक युनिट, बाहेर एक, मध्ये तांब्याच्या दोन नळ्या. दोन नळ्यांची चार टोकं फनेलसारखी उमलवून पितळी नटांनी आवळतात. याला फ्लेअर म्हणतात. टोक वाकडं उमललं, जास्त आवळून चिरलं किंवा कमी आवळलं, तर तिथून गॅस इतका सावकाश झिरपतो की परिणाम दिसायला आठ-दहा महिने लागतात. माझ्या मशीनचं तेच झालं होतं. पौडच्या त्या मेकॅनिकनी चारही नटांना साबणाचा फेस लावला. बाहेरच्या युनिटच्या जाड नळीशी बारीक बुडबुडे आले. नटाभोवती तेलकट काळसर डागही होता. गॅसबरोबर कंप्रेसरचं तेल फिरतं, त्यामुळे गळतीच्या जागी असा डाग बहुतेक वेळा आधीच पडलेला असतो आणि तो साध्या डोळ्यांनी दिसतो. त्यांनी नळीचं टोक कापून नवं फ्लेअर केलं, नायट्रोजन भरून दाब टिकतो का पाहिलं, व्हॅक्यूम पंप अर्धा तास चालवला आणि काट्यावर वजन करून गॅस भरला. बिल झालं ३,९००. त्याला आता पाच उन्हाळे झाले, गॅस भरावा लागलेला नाही.

या कामाचा क्रम घरमालकानं पाठच करावा: गळती शोधणं, ती बंद करणं, नायट्रोजननं दाब तपासणं, व्हॅक्यूम, मग वजनावर गॅस. यातली पहिली चार कामं टाळून पाचवं केलं की ते पंधरा मिनिटांत उरकतं, आणि पुढच्या वर्षी पुन्हा करावं लागतं. व्हॅक्यूम टाळला तर नळीत हवा आणि बाष्प राहतं, ते कंप्रेसरला मारक. वजनाचं कारणही सोपं आहे. किती ग्रॅम गॅस हवा हे आउटडोअर युनिटच्या पट्टीवर छापलेलं असतं. हल्लीच्या दीड टनाच्या मशीनमध्ये तो एक किलोच्या आतबाहेर असतो. पट्टीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि मेकॅनिकला आधीच विचारा, "काटा आणलाय का?"

गॅसचं नावही त्याच पट्टीवर असतं. आर-२२ असेल तर मशीन जुनं आहे. ओझोनच्या थराला घातक असलेले पदार्थ थांबवण्यासाठी १९८७ मध्ये जो माँट्रियल करार झाला, त्यानुसार हा गॅस बंद होत चालला आहे आणि भारतात त्यासाठी २०३० हे साल ठरलेलं आहे. अशा मशीनवर मोठी दुरुस्ती करण्याआधी दोनदा विचार करावा. बहुतेक नव्या मशीनमध्ये आर-३२ असतो. तो ओझोनला धक्का लावत नाही, पण हवा तापवण्याच्या बाबतीत कार्बन डायऑक्साइडच्या ६७५ पट आहे. म्हणजे ८०० ग्रॅम गॅस गळला तर ५४० किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं होतं. तीन वर्षं माझ्या गॅलरीतून काय जात होतं हे कळल्यावर पैशांपेक्षा त्याचं मला जास्त वाईट वाटलं. आणखी एक गोष्ट. आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे. नळीत गॅस असताना तिच्यावर झाळकामाची ज्योत लावू द्यायची नाही.

आता दुसरी बाजू. नळीवर बर्फ धरला म्हणजे गॅस कमी आहे, हे दरवेळी खरं नसतं. फिल्टर धुळीनं बुजला की कॉइलवरून पुरेशी हवा जात नाही, कॉइल फार गार पडतं आणि त्यावर बर्फ साचतो. म्हणून कोणालाही फोन करण्याआधी मशीन बंद करून बर्फ वितळू द्या, फिल्टर काढून नळाखाली धुवा, सावलीत वाळवा, परत बसवा आणि तासभर चालवून पाहा. बऱ्याचदा तक्रार तिथेच मिटते.

आमच्या मुळशी तालुक्यात हे जास्तच खरं आहे. गेल्या वीसेक वर्षांत भूगाव, भुकूम, पिरंगुट, हिंजवडी, माण या पट्ट्यात बांधकाम थांबलेलंच नाही. डोंगर फोडून खडी निघते, डंपर फिरतात, आणि ती धूळ फिल्टरवर आणि बाहेरच्या युनिटच्या मागच्या जाळीवर बसते. पुस्तिकेत महिन्याला फिल्टर धुवा असं लिहिलेलं असलं तरी इथे मार्च ते मे दर पंधरा दिवसांनी धुवावा. पौडच्या पुढे, मुळशी धरणाच्या बाजूला धूळ कमी आणि ओल जास्त. ताम्हिणी घाटाच्या तोंडाशी पावसाळ्यात दिवसचे दिवस ऊन दिसत नाही. तिथल्या सुट्टीच्या घरांत चार महिने बंद राहिलेल्या एसीच्या ट्रेमध्ये शेवाळ धरतं, ड्रेन पाइप तुंबतो आणि ऑक्टोबरात मशीन सुरू केलं की भिंतीवरून पाणी ओघळतं. पाली आणि मुंग्या बाहेरच्या युनिटच्या सर्किट बोर्डावर शिरतात, तो खर्च वेगळाच. तालुका एक, पण हिंजवडीचं बिल आणि ताम्हिणीचं बिल एकसारखं येत नाही.

जुन्या मुळशीतल्या घरांना हे काही लागत नव्हतं. जाड मातीच्या भिंती, कौलं, पुढे पडवी. दुपारी घर तापायला सुरुवात होईपर्यंत ऊन उतरणीला लागलेलं असायचं. आता पश्चिमेला मोठी काच असलेल्या सातव्या मजल्यावर संध्याकाळी सहालाही भिंतीला हात लावला तर चटका जाणवतो. एसीचा दोष समजून आपण मेकॅनिकला बोलावतो, आणि खरी गरज काचेबाहेर सावलीची असते. ऊन आत येण्याआधी अडवलं तर ती उष्णता यंत्रानं उपसावी लागत नाही. पश्चिमेच्या खिडकीबाहेर लावलेली बांबूची चटई हा कुठल्याही सर्व्हिसिंगपेक्षा स्वस्त उपाय आहे.

बिलाकडे वळू. माझ्या परिसरात सध्या साधारण असे भाव ऐकू येतात. पाण्याचा पंप लावून केलेली साधी सर्व्हिस एका मशीनला ५०० ते ८०० रुपये. गळती काढून पूर्ण गॅस २,५०० ते ४,०००. इन्व्हर्टर एसीचा सर्किट बोर्ड ४,००० ते १०,०००. शहरापासून लांब, कोळवण किंवा ताम्हिणीकडे, यात येण्याजाण्याचा आकार वाढतो, आणि तो रास्त आहे. कोणीतरी मोटारसायकलवर पंप, सिलिंडर, शिडी घेऊन घाटरस्त्यानं तेवढं अंतर येतं. अशा ठिकाणी शेजारच्या चार-पाच घरांनी एकच दिवस ठरवून बोलावलं तर आकार विभागला जातो. सोसायट्यांनाही हे सहज जमतं. बोलवायचं फेब्रुवारीत. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात चांगल्या मेकॅनिकला श्वास घ्यायला फुरसत नसते, आणि घाईत नेमका व्हॅक्यूमच टाळला जातो.

सर्व्हिसचे पाचशे-सातशे रुपये वसूल होतात का, हा हिशेब करता येतो. दीड टनाचं जुन्या पद्धतीचं मशीन तासाला साधारण दीड युनिट घेतं. रोज आठ तास, महिन्याला ३६० युनिट. कॉइल मळल्यामुळे दहा टक्के वीज जास्त गेली तरी महिन्याला ३६, तीन महिन्यांत १०८ युनिट. युनिट १२ रुपयांना पडतं असं धरलं तर १,२९६ रुपये. महावितरणचा दर टप्प्याटप्प्यानं चढतो आणि एसीचे युनिट नेमके वरच्या टप्प्यात जाऊन पडतात, म्हणून इथे सरासरी दर धरून चालत नाही. इन्व्हर्टर मशीन वीज कमी घेतं, पण त्याची एक खोड लक्षात ठेवा. कॉइल मळलं किंवा गॅस कमी झाला तरी ते जास्त जोर लावून खोली गार करत राहतं. बिघाड गारव्यात उशिरा दिसतो, वीजबिलात आधी.

विजेचाच विषय निघाला म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९२१ मध्ये याच तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. तरी धरण झालं, मुळेच्या खोऱ्यातली गावं आणि भातखाचरं पाण्याखाली गेली, आणि ते पाणी सह्याद्रीवरून खाली भिऱ्याला सोडून तयार झालेली वीज मुंबईला गेली. विजेसाठी जमीन दिलेल्या या खोऱ्यातल्या वाड्यांवर आजही उन्हाळ्याच्या संध्याकाळी व्होल्टेज उतरतं. हे मला बोचतं. घरमालकापुरता त्याचा अर्थ असा, की जिथे दिवे मंद होतात तिथे स्टॅबिलायझरला पर्याय नाही. इन्व्हर्टर मशीनवर "स्टॅबिलायझरची गरज नाही" असं लिहिलेलं असतं, पण ते ठरावीक व्होल्टेजच्या मर्यादेत. ती मर्यादा पुस्तिकेत वाचा, घरचं व्होल्टेज इलेक्ट्रिशियनकडून संध्याकाळी मोजून घ्या. सर्किट बोर्डाच्या किमतीपुढे स्टॅबिलायझर स्वस्त पडतो.

गारव्यासारखाच खर्च गरम पाण्यावरही होतो, पण त्याकडे कोणाचं लक्ष नसतं. माझ्या आजीच्या घरी तांब्याचा बंब होता. सहा महिन्यांनी तो उपडा करून आतले पांढरे पापुद्रे खरवडायचे आणि चिंचेनं घासायचं, हे ठरलेलं काम. तेच पापुद्रे आज आपल्या गिझरमध्ये आहेत, फक्त दिसत नाहीत. मुळशीतल्या अनेक नव्या सोसायट्या बोअर आणि टँकरच्या पाण्यावर आहेत. काळ्या कातळातून आलेल्या या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळलेलं असतं. पाणी तापलं की त्यातला चुना वेगळा होऊन कॉइलवर बसतो, आणि जितकं जास्त तापवाल तितका जास्त बसतो. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. आपल्या बोअरचा आकडा सोसायटीनं एकदा प्रयोगशाळेतून काढून घ्यावा. गिझर दर वर्षी उघडायचा की दोन वर्षांनी, हे त्यावर ठरतं.

इथे एक गैरसमज आहे. गिझरच्या कॉइलवर क्षार बसले की वीजबिल दुप्पट होतं, असं सांगून सर्व्हिस विकली जाते. पंचवीस लिटर पाणी २० अंशांवरून ५५ अंशांवर न्यायला जवळपास एक युनिट लागतं, २,००० वॉटच्या गिझरला सुमारे अर्धा तास. कॉइल पाण्यातच बुडालेलं असल्यामुळे त्याची उष्णता शेवटी पाण्यातच जाते, क्षार असोत वा नसोत. नुकसान होतं ते कॉइलचं. क्षारांच्या थराखाली ते प्रमाणाबाहेर तापतं आणि एक दिवस जळतं. गिझर सुरू असताना आत फुटाणे फुटल्यासारखा आवाज येऊ लागला की थर जाड झालाय असं समजावं.

त्याहून महत्त्वाचा भाग म्हणजे टाकीतली मॅग्नेशियमची दांडी, अॅनोड रॉड. टाकीच्या पोलादाऐवजी आपण झिजायचं, एवढंच तिचं काम. कठीण पाण्यात ती वर्षा-दोन वर्षांत संपते आणि मग गंज टाकीला लागतो. कॉइल बदलता येतं, थर्मोस्टॅट बदलता येतो. टाकी गळली की गिझर भंगारात. दांडी काही शे रुपयांची, गिझर काही हजारांचा. तरीही गिझर साफ करून गेलेल्या माणसाच्या बिलात दांडीचा उल्लेख क्वचितच असतो. "रॉड काढून दाखवा" असं आपणच म्हणायचं. त्याच वेळी वरचा सेफ्टी व्हॉल्व्ह मोकळा आहे का आणि अर्थिंग आहे का, हेही बघून घ्यायचं.

गॅस गिझरबद्दल मात्र मी खर्चाची भाषा करणार नाही. बंद न्हाणीघरात तो लावू नये. त्याच्या ज्वालेला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि अंघोळीला गेलेलं माणूस आतच बेशुद्ध पडतं. महाराष्ट्रात अशी माणसं गेली आहेत, तरुण माणसं गेली आहेत. गिझर न्हाणीघराबाहेर, उघड्या हवेच्या जागी बसवून फक्त पाण्याची नळी आत घ्या. ज्वाला निळी असावी. ती पिवळी दिसली की त्या क्षणी बंद करा आणि बर्नर साफ झाल्याशिवाय पुन्हा लावू नका.

वार्षिक करार, म्हणजे एएमसी, घ्यावा का? करार दोन जातींचे असतात. एकात फक्त येणं आणि साफ करणं, दुसऱ्यात सुटे भागही. पहिल्याची किंमत दोन सुट्या सर्व्हिसच्या बेरजेपेक्षा जास्त असेल तर तो घेण्यात अर्थ नाही. दुसरा घ्यायचा तर मशीनचं वय पाहून. पहिल्या वर्षी कंपनीची हमी असतेच. पाचव्या-सहाव्या वर्षानंतर, बोर्ड महाग असलेल्या इन्व्हर्टर मशीनला तो परवडू शकतो. सही करण्याआधी तीन शब्द शोधा: गॅस, सर्किट बोर्ड, कॉइल. यातलं काय वगळलंय ते बारीक अक्षरांत असतं. "कंप्रेसरवर दहा वर्षांची हमी" या जाहिरातीचंही तसंच. कंप्रेसर फुकट मिळतो, पण बहुतेक वेळा गॅस, मजुरी आणि वाहतुकीचे पैसे आपल्यालाच द्यावे लागतात.

पक्कं बिल मागा. त्यावर काय बदललं, किती ग्रॅम गॅस भरला आणि कामाची हमी किती दिवसांची, हे लिहून घ्या. काढलेला भाग मागून घ्या. हा कागद असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते, आणि तिथे नाही सुटली तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार जिल्हा आयोगाकडे जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही. कागद नसेल तर तक्रार सिद्ध करायला हातात फार काही उरत नाही.

पौडच्या त्या मेकॅनिकनी पहिल्या बिलात ३०० रुपये वेगळे लावले होते. आमचं आउटडोअर युनिट सातव्या मजल्यावर गॅलरीच्या कठड्याबाहेर आहे. ते कमरेला पट्टा बांधून, दोरी आतल्या खांबाला अडकवून, दोरीशी एक पोरगा उभा करून बाहेर उतरले होते. ते पैसे त्या पोराचे. आधीची तीन वर्षं जे येत होते ते नुसत्या हातानं कठडा धरून बाहेर वाकायचे, आणि मी आत उभा राहून बघायचो. तेव्हा मला काही बोलायचं सुचलं नाही, याची आज लाज वाटते. आता बोलावतानाच विचारतो, "पट्टा-दोरी आहे ना, आणि दोरीशी माणूस?" नसेल तर दुसरा दिवस ठरवतो. लोखंडी ब्रॅकेटचे बोल्ट गंजलेत का हेही त्याच वेळी तपासून घेतो, कारण चार पावसाळ्यांत मुळशीची हवा बोल्ट खाऊन टाकते. ते ३०० रुपये बिलात पहिल्या ओळीवर लिहायला सांगतो.